नाशिकमध्ये घरावर सोलर बसवताना: आधी सावली मोजा, मग कोटेशन मागवा

नाशिकमध्ये कुणाला "आम्ही सोलर बसवतोय" असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचं?" आपल्याकडे सोलर म्हणजे गच्चीवरची टाकी आणि अंघोळीचं गरम पाणी, हेच वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं आहे. हा लेख त्या सोलरचा नाही. उन्हापासून वीज तयार करून ती घरात आणि महावितरणच्या तारेत सोडणाऱ्या पॅनेलचा आहे.

आम्ही पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊसमध्ये राहतो. एप्रिल २०२५ मध्ये आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसलं. त्यानंतर कॉलनीतल्या बऱ्याच जणांनी घरी येऊन तेच ते प्रश्न विचारले, म्हणून सगळं एका जागी, करायच्या क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: खडू घेऊन गच्चीवर जा

बहुतेक लोक सुरुवात फोनने करतात. एजन्सीचा माणूस येतो, टेपने गच्ची मोजतो, "तुमच्याकडे आरामात सहा पॅनेल बसतील" म्हणतो आणि कोटेशन देतो. गच्ची किती मोठी आहे हा प्रश्न दुसरा. तिच्यावर वर्षभर ऊन कुठे असतं हा पहिला, आणि त्याचं उत्तर टेपने मिळत नाही.

आमच्याकडे पहिला माणूस सप्टेंबरमध्ये आला होता. त्याने दक्षिणेकडच्या कठड्याला लागून पॅनेलची जागा दाखवली. तेव्हा तिथे लख्ख ऊन होतं. डिसेंबरात मी खडू घेऊन वर गेले आणि सकाळी ९ ला, दुपारी साडेबाराला आणि साडेतीनला सावलीची कड जमिनीवर आखली. शेजारच्या जिन्याच्या खोलीची सावली त्याने दाखवलेल्या जागेवरून सरकत पार मध्यापर्यंत येत होती. त्या ठिकाणी पॅनेल लावली असती तर हिवाळ्यातल्या प्रत्येक सकाळचं ऊन वाया गेलं असतं.

याचं गणित सोपं आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे बराच कललेला असतो. ३ फुटी कठड्याची सावली तेव्हा दुपारी जवळजवळ ३ फूट पडते, आणि सकाळी ९ ला तीच ७ फुटांच्या पुढे जाते. (आपल्याकडे सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळाच्या १२ ला नाही, साडेबाराच्या सुमाराला. म्हणून मी साडेबाराची खूण केली.) मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडूनच जातो. म्हणजे उन्हाळ्यात गच्ची बघून जागा ठरवली की फसगत ठरलेली. डिसेंबरपर्यंत थांबणं शक्य नसेल तर मोबाईलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप मिळतात, त्यात तारीख २१ डिसेंबर टाकून बघा.

एवढा आटापिटा कशासाठी? पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. ठिबकच्या नळीवर एका जागी पाय पडला की पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी कमी होतं, तसंच काहीसं इथे होतं. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली आली तर त्या माळेतला प्रवाह अडतो. पॅनेलच्या आत बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून वाट काढून देतात. पण त्या भागाची वीज गेलीच. म्हणून डिश अँटेना, कपड्यांची तार बांधायचा खांब, पाण्याची टाकी हे सगळं पॅनेलच्या उत्तरेला हलवता येतं का ते आधी बघा. शेजारचं झाड आड येत असेल तर फांद्या छाटायलासुद्धा महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. मी तर म्हणेन, झाड राहू द्या आणि पॅनेलची जागा बदला.

जागेचा ठोकताळा असा: १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट. ५५० वॉटचं एक पॅनेल सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. ३ किलोवॉटला अशी ६ लागतात. गच्चीचा एक उन्हाचा तुकडा मात्र राखून ठेवा. एप्रिल-मेमध्ये कुरडया आणि पापड वाळवायला लागतं ते हेच ऊन, आणि पॅनेलखाली वाळवण होत नाही.

दुसरं काम: बिल घेऊन बसा

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा. एकट्या मे महिन्याचं बिल बघून घाबरून मोठं सोलर घेऊ नका.

नाशिकमध्ये १ किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. तुमचा वापर महिन्याला २४०-२६० असेल तर २ किलोवॉट पुरतं. ३५० च्या आसपास असेल तर ३.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घरगुती वीज टप्प्यांनी महाग होत जाते: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. १०० च्या वरचं युनिट पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट दराने पडतं. सोलर बसलं की आधी वरची, महागडी युनिट कमी होतात. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या किलोवॉटने जेवढे पैसे वाचतात तेवढे शेवटच्याने वाचत नाहीत. शिवाय वर्षाचा हिशोब ३१ मार्चला बंद होतो. तेव्हा खात्यावर जी युनिट उरतील त्यांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर लावून वीज विकू, हा विचार सोडून द्या. दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर एक किलोवॉट जास्त घ्या, नाहीतर नको.

बिल शून्य होईल असं कुणी सांगितलं तर त्याला स्थिर आकाराचं विचारा. तो दर महिन्याला भरावाच लागतो.

तिसरं काम: नाव बघा

हे लहान वाटतं, पण आमचे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले. आमचा मीटर सासऱ्यांच्या नावावर होता आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. अर्जदाराचं नाव, बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे, नाहीतर अनुदान अडकतं. जुन्या कॉलन्यांमध्ये कितीतरी मीटर अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहेत. आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. बिलाची थकबाकी असेल तर तीही भरून टाका. घरपट्टीची पावती, आधार, बँकेचं पासबुक आणि ताजं बिल एका पिशवीत घालून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतात.

अर्ज आणि अनुदान

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचं अनुदान असं आहे: पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये. म्हणजे ३ किलोवॉटला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठं लावलं तरी ७८,०००च. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांसाठी, प्रत्येक किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची वेगळी योजना आणली आहे, त्यात केंद्राच्या रकमेवर राज्याची भर पडते. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचं स्वतःचं घर आणि मीटर असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

अर्ज योजनेच्या पोर्टलवर करायचा. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकला की पुढचं उघडतं. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळ्या तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, तो मंजूर धरला जातो. तुमचा मंजूर भार, म्हणजे वीजजोडणीला मंजूर झालेले किलोवॉट, कमी असेल तर तो वाढवून देणं हेही त्याच प्रक्रियेत महावितरणने करायचं असतं. मग पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतून एजन्सी निवडायची. यादीबाहेरच्या माणसाकडून काम केलं तर अनुदान मिळत नाही.

अनुदान आपल्या खात्यात शेवटी येतं, सगळं बसून, तपासून, सुरू झाल्यावर. तोवर पूर्ण पैसे आपल्यालाच उभे करायचे असतात. ३ किलोवॉटचा खर्च साधारण दीड ते दोन लाखांच्या घरात जातो. आमचा १ लाख ९० हजार झाला. ३ किलोवॉटपर्यंत तारण न घेता बँका या योजनेखाली कर्ज देतात, त्याचा व्याजदर वैयक्तिक कर्जापेक्षा पुष्कळ कमी असतो. "अनुदान वजा करून उरलेलंच द्या, बाकीचं आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर ते कागदावर लिहून मागा.

कोटेशन कसं वाचायचं

किमान तीन कोटेशन घ्या. खालचा एकूण आकडा शेवटी बघा, आधी या गोष्टी शोधा.

पॅनेल डीसीआर आहेत का? म्हणजे पॅनेल भारतात बनलेलं आणि आतले सेलही भारतातच बनलेले. अनुदानाला हीच लागतात. ती थोडी महाग असतात, त्यामुळे एखादं कोटेशन फारच स्वस्त दिसलं तर आधी इथे बोट ठेवा. करारात 'डीसीआर' हा शब्द लिहून घ्या आणि माल आला की पॅनेलच्या मागच्या लेबलवरचे सिरीयल नंबर मोबाईलवर टिपून ठेवा. एकदा वर चढवल्यावर ते वाचणं अवघड.

स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं आहे का, त्यावर जस्ताचा थर किती मायक्रॉनचा आहे? ८० मायक्रॉन सांगितलं तर बरं. साध्या लोखंडाला रंग मारून दिलेलं स्ट्रक्चर दोन पावसाळ्यांत गंजतं.

अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: एक पॅनेल आणि डीसी बाजूचा (पॅनेलकडून येणारी वीज), एक एसी बाजूचा (घरात वापरायची वीज), आणि वीजरोधकाचा स्वतंत्र. इथे पैसे वाचवू देऊ नका. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा आपण सगळ्यांनीच बघितल्या आहेत.

पॅनेलच्या कामगिरीची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या पेटीची, त्याहून बरीच कमी. या योजनेत एजन्सीने ५ वर्षं देखभाल करणं बंधनकारक आहे. त्यात धुणं येतं की फक्त दुरुस्ती, ते विचारून घ्या.

द्राक्षबागा गारपिटीने झोपलेल्या बघितल्यावर "गारांनी काचा फुटतील का" ही भीती नाशिककराला वाटणारच. प्रमाणित पॅनेलची २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा करून चाचणी घेतलेली असते. हरभऱ्याएवढ्या नि बोराएवढ्या गारांना ती पुरून उरतात. लिंबाएवढ्या गारांची हमी कुणी देत नाही. घराच्या विम्यात सोलरचा उल्लेख करून घ्या, म्हणजे जिवाला घोर राहत नाही.

बसवण्याचा दिवस: कोब्यावर उभे राहा

त्या दिवशी घरी थांबा, शक्य असेल तर गच्चीवरच. ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्याकडे मी सकाळी चहा देऊन खाली आले. तासाभराने ड्रिलचा आवाज ऐकून वर गेले तेव्हा कोब्यात आठ भोकं पडून त्यांत बोल्ट ठोकलेले होते. करारात सिमेंटच्या ठोकळ्यांवर पाय उभे करायचं ठरलं होतं. कारागीर म्हणाला, "ताई, हे जास्त मजबूत बसतं." मजबूत बसलंच. जुलैच्या पहिल्या झडीत आमच्या झोपायच्या खोलीच्या छताला पंख्याशेजारी ओलीचा डाग उठला, आणि आठवड्यात तो ताटाएवढा झाला. दिवाळीआधी एकेक पाय सोडवून, भोकं भरून, वॉटरप्रूफिंग करून, ठोकळे ओतून पुन्हा उभारणी करावी लागली. तो खर्च आमच्या खिशातून गेला, कारण 'कोब्याला भोक पाडायचं नाही' हे वाक्य करारात नव्हतं. तुमच्या करारात ते घाला. ठोकळे कोब्याच्या वरच ओतायचे, त्यांना वाऱ्याच्या उचलीला पुरेल एवढं वजन द्यायचं आणि ते सुकायला आठवडाभर द्यायचा. ओल्या ठोकळ्यावर घाईने पाय कसू देऊ नका.

बाकी नजर ठेवायच्या गोष्टी: पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे आणि कल १५ ते २० अंश. पॅनेलची खालची कड गच्चीपासून निदान दोन फूट वर, म्हणजे खालून हवा खेळते आणि झाडता येतं. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, म्हणून ही हवा महत्त्वाची. आठ फूट उंच मांडव करून खाली बसायची जागा करावी असं पुष्कळांना वाटतं. लहान गच्ची असेल तर समजू शकते, पण खर्च वाढतो, वारा जास्त लागतो, आणि धुवायला दर वेळी शिडी लावावी लागते. मी कमी उंचीच्या बाजूची आहे.

इन्व्हर्टर सावलीत, हवेशीर भिंतीवर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आणि घरातलं वायफाय पोचेल अशा जागी. तारा पाइपमधून. कारागिरांना पॅनेलवर उभं राहू देऊ नका. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला केसासारख्या भेगा जातात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

नेट मीटर आणि सुरुवात

काम झाल्यावर एजन्सी फोटो आणि कागद पोर्टलवर चढवते, महावितरणचे लोक तपासणीला येतात आणि जुना मीटर काढून दोन्ही बाजूंनी मोजणारा नेट मीटर बसतो. तो बसेपर्यंत सोलर चालू करू नका. जुन्या मीटरवर बाहेर जाणारी वीज आपल्या खात्यात जमा होत नाही, उलट काही मीटर तीही वापर म्हणून मोजतात.

नेट मीटर दोन आकडे दाखवतो: महावितरणकडून घेतलेली युनिट आणि त्यांना दिलेली. बिल या दोन्हींच्या फरकाचं येतं. दिलेली जास्त झाली तर ती पुढच्या महिन्याला जमा राहतात. एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टमध्ये कामी येते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर सोलर सुरू होणं सोयीचं. दिवसा दिलेलं युनिट रात्री परत मिळतं, त्यामुळे वॉशिंग मशीन दुपारीच लावायला हवं म्हणून कामाची वेळ बदलत बसू नका.

लाइट गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. नाशिक शहरात लाइट जाते ती बहुधा थोडा वेळ. त्यासाठी घरातला जुना बॅटरीचा इन्व्हर्टर पुरतो. बॅटरीसह सोलर घेण्याचा जादा खर्च शहरात मला पटत नाही. मळ्यात राहणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं.

धुणं आणि लक्ष ठेवणं

पावसाळा सोडून दर १०-१५ दिवसांनी धुवा. रस्त्यांची आणि इमारतींची कामं चालू असलेल्या भागात आठवड्याने. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. लांब दांड्याचा मऊ मॉप, साधं पाणी, साबण नाही. बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते नंतर निघत नाहीत. नळाचं पाणी वापरा. कबुतरांची शिट वाळण्याआधी पुसा, आणि पॅनेलखाली त्यांनी घरटी करू नयेत म्हणून सुरुवातीलाच कडेने जाळी लावून घ्या. संक्रांतीनंतर अडकलेला मांजा ओढू नका, कापून काढा. तारांच्या जोडांना हात लावायचा नाही. खालचं बटण बंद केलं तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांत विजेचा जोरदार दाब असतोच.

मोबाईलवर रोजची युनिट दिसतात. आमचे ३ किलोवॉट एप्रिलमध्ये दिवसाला १४-१५ देतात, डिसेंबरात ११-१२, आणि जुलैच्या झडीत एखाद्या दिवशी ३ किंवा ४. पावसाळ्यातला आकडा बघून एजन्सीला फोन करू नका. पण लख्ख उन्हाच्या दिवशी आकडा नेहमीपेक्षा एक-षष्ठांशाने खाली आला, तर सहापैकी एक पॅनेल काम करत नाही असं समजा आणि त्याच दिवशी फोन करा.

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या १ तारखेला तीन आकडे लिहिते: सोलरने तयार केलेली युनिट, घेतलेली, दिलेली. बिल आलं की त्याच्याशी ताडून बघते. एकदा दिलेली युनिट बिलात चढलीच नव्हती. कॅलेंडरचा आणि मीटरचा फोटो घेऊन गेले, पुढच्या बिलात दुरुस्ती झाली.